वर दिवे, खाली कोण?

अन्याय झाला तो एका मधमाशीवाल्यावर. माघातल्या एका मंगळवारी, रात्री सव्वाआठला, आमच्या शिवारातल्या गाडरस्त्यावर. केला आम्ही, म्हणजे माझ्या गावानं. त्याचं नाव इथे लिहीत नाही; ते नको त्या फोनांमधून पुरेसं फिरलंय. शिरपूरकडचा माणूस, चाळिशीच्या आतला, किडकिडीत, अंगात जुना स्वेटर. सोबत छोटा टेम्पो, टेम्पोत मधमाश्यांच्या बावीस पेट्या आणि हातात लाल उजेडाची बॅटरी. त्या बॅटरीनं घात केला असं गावात अजून सांगतात. खोटं आहे. घात एका पत्रकानं केला, आणि ते पत्रक माझ्या हातचं.

पत्रकं लिहिणं हे माझं कामच आहे. शेतीपंपाला दिवसा वीज द्या, या मागणीसाठी आम्ही काही पोरंपोरी जळगावातून गावोगाव फिरतो. आमच्याकडे केळीला पाणी द्यायचं तर माणूस रात्री शेतात जातो, कारण थ्री फेज लाइट आठवड्यातले कितीतरी दिवस रात्रीचीच येते. माझे वडील जातात. पायाखाली साप, समोर रानडुक्कर, हातात ओल्या स्टार्टरची पेटी. यावर मी चार वर्षं लिहितेय. कसं लिहायचं तेही शिकवलेलं आहे. पहिल्या ओळीत कोणावर आणि कधी. मधे कोणामुळे. शेवटी मागणी. मधलं 'कोणामुळे' रिकामं सोडायचं नाही. सोडलं तर लोक पत्रकाचा कोन करून त्यात शेंगदाणे घेतात, असं मला शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या. मी ते कधीच रिकामं सोडलं नाही. तेच नडलं.

दिवे पहिल्यांदा दिसले ते भरीत पार्टीत. शेजारच्या नानांच्या मळ्यात दर हिवाळ्यात होते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी काठवटीत, कुटायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. गावातली आठ-दहा घरं, बायका-माणसं सगळी. जाळ विझत आला होता आणि माझी आई वांग्यांची सालं काढत होती, तेव्हा कोणीतरी म्हणालं, वर पाहा.

तीन दिवे होते. सातपुड्याच्या अंगानं आले, एका ओळीत, सारख्या अंतरावर. चांदणीपेक्षा मोठे, किंचित पिवळट. आवाज शून्य. केळीच्या बागांवर आले आणि थांबले. मी हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मला बरेच शहाणे भेटले ज्यांनी सांगितलं की ते थांबले नसणार. थांबले. मी आईचा हात धरून मोजत होते, साठाच्या पुढे गेले आणि मोजणं सोडलं. मग एक विझला, मग दुसरा, मग तिसरा.

"विमान असंल," कोणी म्हणालं.

"विमान मधीच थांबते का बापा? यष्टी हाये का ते?" आबा म्हणाले. आबा म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत आगाऊ.

"ड्रोन हाये. चोर पयले वरून घरं पाह्यतात, मंग उतरतात," दुसरा कोणी म्हणाला.

"तुह्या घरात काय हाये पाह्याले? दोन बकऱ्या अन् तू. तुले त कोनी फुकट बी नेनार नाही," आबांनी त्याला सुनावलं.

हसले सगळे. मीही हसले. पण घरी जाताना कोणी एकटं गेलं नाही, आणि त्या रात्री गल्लीतल्या सगळ्या ओट्यांवरचे बल्ब सकाळपर्यंत चालू होते.

पुढच्या दहा दिवसांत ते दिवे चार वेळा आले. कधी तीन, एकदा दोनच. मला झोप लागेना. गच्चीवर जायचं, खाली यायचं, पुन्हा जायचं. आई म्हणायची, "अंगात काय भरलं तुह्या? बस एका जागी." बसवेना. भीती वाटत होती असंही नाही. काहीतरी समोर आहे आणि त्याला नाव देता येत नाही, हे सहन होत नव्हतं. जळगावात एका विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले उपग्रहांची माळ असते, सोपं आहे. उपग्रह थांबतात का, विचारलं तर म्हणाले डोळ्यांचा भ्रम. पोलीस पाटलांनी वर विचारलं, त्यांना वरून उत्तर आलं की अफवांवर विश्वास ठेवू नका. आता डोळ्यांनी पाहिलेलं अफवा कसं होतं ते त्यांनाच ठाऊक. गावात रात्रीची गस्त सुरू झाली. पोरं काठ्या घेऊन चावडीपाशी बसायची, चहा प्यायची, कुत्री भुंकली की धावत सुटायची. बायकांनी अंधार पडायच्या आत शेतातून परतायला सुरुवात केली.

वडील मात्र जातच होते. लाइट रात्री अकराला यायची, ते साडेदहाला निघायचे. "दिव्याले भ्यालो त केळी वाळंन," एवढंच.

मला संताप आला. तो खरा होता. माणसाला रात्री शेतात ढकलायचं आणि वर काय फिरतंय ते सांगायचंही नाही. पण सगळं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते: मला ती भीती कामाची वाटली. चार वर्षं दिवसा वीज, दिवसा वीज म्हणून घसा कोरडा केला, वीस माणसं जमायची नाहीत. आता अख्खा तालुका रात्रीबद्दल बोलत होता. मी ठरवलं की ही वेळ सोडायची नाही. शनिवारी रात्री बसून पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'वर दिवे, खाली कोण?' मला स्वतःलाच तो इतका आवडला की दोनदा मोठ्यानं वाचला.

खाली दिवसा विजेची मागणी होती, ती आजही बरोबर आहे. पण मधे 'कोणामुळे' भरायचं होतं. माहीत तर काहीच नव्हतं. म्हणून मी लिहिलं: "हे दिवे उडवणारा जमिनीवरच कुठेतरी उभा असतो. अनोळखी वाहन, अनोळखी माणूस, अनोळखी उजेड दिसल्यास गावाला ताबडतोब कळवा."

रविवारी आठवडे बाजारात वाटलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा लोक मागून पत्रक घेऊन गेले. कोणी शेंगदाणे बांधले नाहीत.

मंगळवारी तो आला.

त्याचं काम असं चालतं. नानांनी त्या वर्षी कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट केला होता. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला पांढरी गोंडेदार फुलं येतात, आणि त्यांवर माश्या बसल्या नाहीत तर बी भरत नाही. म्हणून पेट्या भाड्यानं आणतात. नानांनी फोन करून त्याला बोलावलं होतं. पेट्या धरणगावकडच्या एका प्लॉटवर होत्या. माश्या दिवसभर बाहेर असतात, दिवस मावळला की आत येतात. सगळ्या आत आल्या की पेटीच्या तोंडाला जाळी ठोकायची, उचलायची, अंधारात नव्या जागी न्यायची, मांडायची, आणि मग जाळी काढायची. हे दिवसा करताच येत नाही. आणि बॅटरी लाल, कारण माशीला लाल उजेड दिसत नाही. पांढरा दाखवला तर ती बिथरते. हे सगळं मला आज माहीत आहे. त्या मंगळवारी गावात हे एकाच माणसाला माहीत होतं, नानांना.

गस्तीच्या पोरांना गाडरस्त्यावर लाल उजेड हलताना दिसला. अनोळखी वाहन, अनोळखी माणूस, अनोळखी उजेड. माझी तिन्ही कलमं एका जागी.

मी नऊच्या सुमारास चावडीपाशी पोचले तेव्हा तो उकिडवा बसवलेला होता. डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं; कोणीतरी पिरगळलं होतं. शंभरेक माणसं. खाली उतरवलेल्या नऊ पेट्या पोरांनी पुन्हा टेम्पोत घातल्या होत्या आणि टेम्पो चावडीसमोर आणला होता. पेट्यांमधून आवाज येत होता, दूरवर मोटार चालू असल्यासारखा, न थांबणारा. लोक टेम्पोपासून दहा पावलं लांब उभे होते.

"तुम्हना पाया पडस. मी चोर नही शे. त्या पेट्या शेतमा लई जा, जाळ्या काढा. त्यास्ले हवा लागस," तो म्हणत होता.

"शे म्हने, शे," एक पोरगा त्याची नक्कल करत म्हणाला. आमच्या पट्ट्यात 'हाये' म्हणतात, त्याच्याकडे 'शे'. दोन तासांच्या रस्त्यावरची बोली, पण त्या रात्री तेवढं परकेपण पुरेसं झालं.

"अन् हे लाल बॅटरी कायले रे? इमानाले सिग्नल देतो?"

"माशीले लाल दखात नही, दादा."

"माशीले दिसत नाही म्हने. तुह्या माशीले चष्मा लाव मंग."

मोठा हशा झाला. हसणाऱ्यांत एकाच्या हातात माझं पत्रक होतं. त्यानं ते मधमाशीवाल्याच्या तोंडासमोर धरलं आणि मथळा वाचून दाखवला, सावकाश, निवडणुकीच्या सभेत वाचतात तसा. फोन वर झाले.

गर्दीच्या अगदी मागे, पिंपळाच्या पाराला टेकून, नाना उभे होते. मी त्यांच्यापाशी गेले.

"नाना, हा तुमच्या प्लॉटवर आला होता ना? पेट्या आणणार एवढं ऐकलं होतं मी तुमच्याकडून."

"गप राह्य," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. "आता बोललो त म्हनतीन नानानंच चोर बोलावले. पोलीस येऊन राह्यले, ते पाह्यतीन."

"पण तो खरं बोलतोय."

"मंग तू सांग ना. तूच त लिहेलं होतं पोरी."

मी सांगितलं नाही. शंभर माणसांसमोर माझा आवाज नेहमी चालतो, तहसीलच्या दारात चालतो, त्या रात्री नाही चालला. कारण बोलले असते तर आधी हे म्हणावं लागलं असतं की मी लिहिलं ते माहीत नसताना लिहिलं. नाना घाबरले म्हणून गप्प होते. मी लाजले म्हणून. त्याला दोन्हीचा सारखाच उपयोग झाला.

पोलिसांनी दहाला त्याला नेलं. मारलं नाही, चौकशीला नेलं. टेम्पोची किल्ली नेली. जाताना तो गाडीच्या मागच्या जाळीतून एकच गोष्ट ओरडत होता, जाळ्या काढा, जाळ्या काढा. लोक घरी गेले. पेट्यांना हात लावायला कोणी तयार नव्हतं, त्यात काय आहे याची खात्री कोणालाच नव्हती.

मी रात्रभर गच्चीवर येरझाऱ्या घातल्या. तिथून चावडीकडचा आवाज ऐकू येत होता. पहाटे तो वाढला. दहाच्या सुमारास ऊन टेम्पोवर पूर्ण आलं तेव्हा आवाज चढा आणि बारीक झाला, कढईत काही तळत असल्यासारखा. मी दोनदा गेले आणि दोनदा परतले. दुपारी दोनला आवाज थांबला.

मग मी वडिलांना उठवलं. ते रात्रपाळी करून झोपले होते. काय झालं ते ऐकलं आणि पक्कड घेतली. आईनं दोघांच्या तोंडाभोवती मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळला. वडिलांनी पहिल्या पेटीची जाळी उपटली. आतून काहीच उडालं नाही. ओंजळभर माश्या बाहेर ओघळल्या, ओल्याचिंब, एकमेकींना चिकटलेल्या. मला वाटलं कोणी पाणी ओतलं. नंतर त्यानंच सांगितलं की आत तापलं की त्या पोटातला मध बाहेर काढतात, पंख हलवून गार करायला बघतात, आणि त्यातच भिजून मरतात. मेण वितळून फळ्यांवरून खाली आलं होतं. बावीसपैकी पाच पेट्यांत जीव होता, त्या टेम्पोच्या सावलीच्या बाजूला होत्या. त्या आम्ही बैलगाडीतून नानांच्या मळ्यात नेऊन ठेवल्या. नाना आले, लांबून पाहून गेले.

संध्याकाळी त्याला सोडलं. काहीच निघालं नाही, निघणारही नव्हतं. तो चावडीपाशी आला, एकेक पेटी उघडून पाहिली, झाकली. माझ्याकडे पाहिलंही नाही; पत्रक माझं, हे त्याला माहीत नव्हतं. मळ्यातल्या पाच जिवंत पेट्या घेऊन गेला.

इथे संपलं असतं तर गावानं विसरून टाकलं असतं. पण त्याला उकिडवा बसवून काढलेला व्हिडिओ त्याच्या आधी शिरपूरला पोचला होता. त्यावर कोणीतरी लिहिलं होतं, 'वर दिवे, खाली हा.' माझाच मथळा, उत्तर भरून. जळगाव, धुळे, सगळीकडे गेला. मला स्वतःला सात ग्रुपांवर आला. पुढे महिनाभरात साक्रीकडच्या एका गावानं त्याला वेशीवरून परत पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी त्याला गाडीतून उतरू दिलं नाही. ज्याचं कामच अंधार पडल्यावर दुसऱ्याच्या शेतात जायचं आहे, त्याचा चेहरा चोर म्हणून फिरला तर तो करणार काय?

चैत्रात मी आणि वडील त्याच्या घरी गेलो. मी कोण ते दारातच सांगितलं. त्याची बायको चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली, "ह्याच का कागदवाल्या ताई? बसा. पानी पिवा. आमना घरमा बठ्ठा लाल उजेड शे, भेवू नका."

घरात सगळा लाल उजेडच होता, चुलीचा. तो हसला. मनगट बरं झालं होतं, पण जड पेटी उचलताना दुखतं म्हणाला. मी माफी मागितली. त्यानं ती ऐकून घेतली. वडिलांना माश्यांबद्दल सांगत बसला, राणी कशी ओळखायची, एका वसाहतीची फोड करून दुसरी कशी करायची. पाचाच्या आठ पेट्या झाल्या होत्या. पण ठेवायच्या कुठे? फोन येत नाहीत. "लोके मन्हं तोंड वळखतस, काम नही वळखतस," तो म्हणाला.

निघताना त्यानं मला विचारलं, "ताई, ते दिवे कसाना व्हतात?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "अजून नाही माहीत."

"मंग तवय हाईच लिखाले पाहिजे व्हतं."

तेव्हा हेच लिहायला हवं होतं, हे त्याचं म्हणणं परतीच्या बसमध्ये मला बसू देत नव्हतं. जागा होती तरी चोपड्यापर्यंत दांड्याला धरून उभी राहिले.

मी दुसरं पत्रक लिहिलं. हा माणूस मधमाशीपालक आहे, याला आमच्याच गावातल्या शेतकऱ्यानं बोलावलं होतं, दिवे कशाचे होते ते आम्हाला माहीत नाही, माझं पहिलं पत्रक चूक होतं. त्याच आठवडे बाजारात उभी राहिले. लोक पहिली ओळ वाचायचे आणि विचारायचे, "मंग दिवे कोनाचे व्हते?" माहीत नाही म्हटलं की हात मागे. आबांनी एक घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "पोरी, पयलं चांगलं व्हतं. यात मजा नाही." त्या दिवशी शेंगदाण्याच्या गाड्यावर माझ्या पत्रकाचे बरेच कोन झाले.

नानांच्या प्लॉटला बी निम्मंही भरलं नाही. त्यांनी माझ्या त्या दुसऱ्या पत्रकावर सही केली, आपणच बोलावलं होतं म्हणून. अट एकच घातली, ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचं नाही. मी वाचलं. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण सही मागे घेतली नाही, आणि या वर्षीच्या प्लॉटसाठी फोन त्यालाच केला. एक फोन. त्याला असे पंधरा-वीस लागतात.

मागच्या आठवड्यात दिवे पुन्हा आले. मी गच्चीवर होते. तीन, एका ओळीत, सातपुड्याकडून. केळीवर थांबले. खाली गल्लीत दारं वाजायला लागली आणि खिशात फोन थरथरू लागला, ग्रुप जागा झाला होता. माझा अंगठा आपोआप मथळा जुळवायला लागला होता, खोटं कशाला बोलू. मग मी एकच ओळ पाठवली: मलाही दिसतायत, कशाचे आहेत माहीत नाही, आज रात्री नानांच्या मळ्यात लाल बॅटरीचा माणूस पेट्या घेऊन येतोय, त्याला कोणी हात लावायचा नाही. पाठवून खाली उतरले आणि चालत मळ्यात गेले. तो पेट्या मांडत होता. नाना त्याच्या बाजूला उभे होते, लाल बॅटरी त्यांच्याच हातात होती. वर दिवे कधी विझले ते तिघांतल्या कोणीही पाहिलं नाही, तो जाळ्या काढत होता.

आता तुम्ही. तुम्ही जळगावचे असा की धुळ्याचे, तो व्हिडिओ तुमच्या फोनात आलेला आहे. उकिडवा माणूस, जुना स्वेटर, डावं मनगट उजव्या हातात धरलेलं. हे वाचून झालं की फोन उघडा. शोधा आणि पुसा. पुसून थांबू नका. ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला आजच लिहा की हा माणूस मधमाश्या पाळतो, त्यानं काही केलेलं नाही. आणि त्यानं विचारलं, मग दिवे कोणाचे, तर लिहा, माहीत नाही.